भजनाची पेटी ते संगणक : घरी घडवायची मिडी जोडणी

संगीतवाद्य आणि संगणक यांच्यातील संभाषणाची जी भाषा गेली चार दशके जगभर वापरात आहे, तिला 'मिडी' म्हणतात. 'म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस' या लांबलचक नावाचे हे लघुरूप. तिच्याविषयीचा सर्वांत चिवट गैरसमज असा, की मिडीच्या तारेतून सूर वाहतो. प्रत्यक्षात वाहतात ते केवळ आकडे. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली, एवढाच निरोप ती तार पोहोचवते. सूर निर्माण करण्याचे काम पलीकडच्या टोकाला असलेल्या सिंथेसायझरचे किंवा संगणकाचे. निरोप पाठवणारे यंत्र त्यामुळे अगदी साधे असू शकते, आणि ज्याला डाग देता येतो असा कोणीही ते घरच्या टेबलावर बनवू शकतो.

या भाषेचा जन्म गरजेतून झाला. १९७० च्या दशकात प्रत्येक कंपनीचा सिंथेसायझर आपापल्या विद्युतदाबाच्या बोलीत बोलत असे आणि एकाचे दुसऱ्याला कळत नसे. रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतील वाद्यनिर्माते डेव्ह स्मिथ यांनी सर्वांना चालेल अशा एका संकेताचा आग्रह धरला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील वाद्यव्यवसायाच्या मेळाव्यात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर, प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६, एका तारेने जोडून वाजवून दाखवण्यात आले. या कामगिरीबद्दल दोघांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

त्याच्या अगोदरची मुंबईतील एक घटना येथे आवर्जून सांगितली पाहिजे. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजितसिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडची तीन यंत्रे वापरून दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका तयार केली : ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ तालयंत्र आणि टीबी-३०३ हे मंद्र स्वरांचे यंत्र. त्या वेळी तिची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली तेव्हा मात्र युरोपातील श्रोत्यांनी तिला डोक्यावर घेतले. या यंत्रांना मिडी ठाऊक नव्हती. टीआर-८०८ आणि टीबी-३०३ यांचा मेळ जुळे तो 'डिन सिंक' नावाच्या जुन्या पद्धतीने, ज्यात एका मात्रेला विजेचे २४ ठोके पाठवले जात. तिचे सॉकेटही पाच पिनांचे, हुबेहूब मिडीसारखे. आतला विद्युतसंकेत मात्र सर्वस्वी वेगळा. जुने यंत्र हाती लागलेल्या हौशी मंडळींनी केवळ सॉकेट पाहून मिडीची तार खुपसू नये, ते याचसाठी.

तारेतील वीज

मिडीची तार सेकंदाला ३१,२५० बिट वाहून नेते. आजच्या मानाने हा वेग गोगलगायीचा. एका बाइटसाठी आरंभ आणि शेवटच्या खुणा धरून दहा बिट लागतात आणि 'पट्टी दाबली' हा निरोप तीन बाइटचा असतो. म्हणजे एक निरोप जायला जेमतेम एक मिलिसेकंद. पहिला बाइट निरोपाचा प्रकार व वाहिनी सांगतो, दुसरा पट्टीचा क्रमांक, तिसरा आघाताचा जोर. एका तारेवर १६ वाहिन्या असतात, पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक असतात. मधल्या सप्तकातील पांढरी एक म्हणजे ६०. त्या हिशेबाने काळी एक ६१, पांढरी चार ६५ आणि काळी पाच ७०. पहिल्या वाहिनीवर काळी एक वाजवायची तर तारेवर १४४, ६१, ६४ हे तीन आकडे सोडले की काम झाले.

पाठवणारे मंडल दोन रोधकांचे आहे. पाच व्होल्टवर चालणाऱ्या आर्डुइनोसारख्या पटलावरून पाच व्होल्टची जोडणी २२० ओहमच्या रोधकातून सॉकेटच्या चौथ्या पिनेला, पटलाची 'टीएक्स' पिन दुसऱ्या २२० ओहमच्या रोधकातून पाचव्या पिनेला आणि भूमी दुसऱ्या पिनेला जोडायची. पटल ३.३ व्होल्टचे असेल, उदाहरणार्थ २०२१ मध्ये आलेले रास्पबेरी पाय पिको, तर हेच रोधक अनुक्रमे ३३ व १० ओहमचे घ्यावेत. येथे नवशिक्यांची हमखास फसगत होते. पाच पिनांच्या या सॉकेटवर क्रमांक ओळीने येत नाहीत. ते १, ४, २, ५, ३ असे येतात आणि डाग देण्याच्या बाजूने पाहिल्यास आरशातल्यासारखे उलटतात. मंडल चालत नसेल तर प्रथम चौथी व पाचवी पिन अदलाबदल झाली आहे का, ते पाहावे.

घेणाऱ्या बाजूला ६एन१३८ सारखा ऑप्टोकपलर असावाच लागतो. त्याच्या पोटात एक लहान दिवा आणि त्याच्यासमोर प्रकाश ओळखणारा घटक असतो. तारेतील विजेने दिवा लुकलुकतो, समोरचा घटक तो पाहतो. दोन यंत्रांमध्ये विजेचा थेट संबंध येतच नाही. म्हणूनच घेणाऱ्या सॉकेटची दुसरी पिन मोकळी सोडायची असते. ज्या मांडवात अर्थिंगचा भरवसा नसतो, ध्वनिवर्धक एका फेजवर आणि संगणक दुसऱ्या फेजवर असतो, तेथे या किरकोळ किमतीच्या घटकाचे मोल कळते. तो वाचवला तर भजनापेक्षा घरघर मोठी ऐकू येते.

पेटीला जोड

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील पोखर्णी हे नृसिंहाच्या देवस्थानासाठी ओळखले जाणारे गाव. पोखर्णीसारख्या गावातील भजनी मंडळाकडे महागडा सिंथेसायझर नसला तरी पेटी असते, आणि मिडीचा घरगुती प्रयोग करायला पेटीइतके सोयीचे वाद्य नाही. साडेतीन सप्तकांच्या पेटीला ४२ पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीखाली पुढच्या कडेला लहानसा लोहचुंबक चिकटवायचा आणि त्याखाली पटलावर एकेक रीड स्विच बसवायचा. पट्टी दाबली की चुंबक जवळ येतो आणि स्विच मिटतो. यात पट्टीला काहीही घासत नाही, तिचे वजन जाणवण्याइतके वाढत नाही आणि पेटी पूर्वीसारखीच वाजते.

४२ स्विचांना ४२ तारा लागत नाहीत. सहा ओळी आणि सात स्तंभ अशी जाळी केली की १३ पिनांत भागते. पटल एकामागून एक ओळ तपासते. प्रत्येक स्विचबरोबर १एन४१४८ जातीचा एक डायोड घालणे मात्र आवश्यक आहे. तो नसेल तर तीन पट्ट्या एकदम दाबल्यावर न दाबलेली चौथीही वाजू लागते. शिवाय स्विच मिटताना क्षणभर थरथरतो, म्हणून एकदा बदल दिसल्यावर सुमारे पाच मिलिसेकंद त्याच्याकडे दुर्लक्ष करावे, एवढी सूचना प्रणालीत लिहायची. खर्जातील पहिल्या पांढरी एकला ४८ क्रमांक दिला तर शेवटची पट्टी ८९ वर येते.

आता प्रश्न आघाताचा. पियानोत जोर बोटात असतो, पेटीत तो भात्यात असतो. प्रत्येक पट्टीचा आघात मोजण्याची खटपट त्यामुळे व्यर्थ आहे. तेथे ६४ हा ठरावीक आकडा पाठवावा. त्याऐवजी पेटीच्या हवापेटीत बारीक नळी सोडून तिला कमी दाब मोजणारा संवेदक जोडावा आणि त्याचे माप ११ क्रमांकाच्या नियंत्रकावर, ज्याला 'एक्स्प्रेशन' म्हणतात, पाठवावे. भाता हलका ओढला की संगणकातील बासरीही हलकी वाजते. हे माप बदलेल तेव्हाच पाठवायचे. सेकंदाला हजारदा पाठवले तर त्या अरुंद तारेवर पट्ट्यांच्या निरोपांना जागाच उरत नाही. नळीच्या भोवतीची फट मेणाने किंवा चामड्याने नीट बुजवली नाही, तर चांगल्या पेटीची हवा कायमची गळू लागते. वडिलोपार्जित पेटीवर पहिला प्रयोग करू नये.

लागणारे सर्व घटक पुण्यात बुधवार पेठेत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात, टपालानेही येतात.

संगणकाच्या दारात

१९८५ च्या अटारी एसटी संगणकाला मिडीची सॉकेटे जन्मजातच होती. १९९० च्या दशकात घरोघरच्या संगणकांत ध्वनिपटलाच्या १५ पिनांच्या खेळदारातून मिडी आत जात असे. १९९९ मध्ये यूएसबीवरून मिडी पाठवण्याचा संकेत ठरला आणि हे सारे मागे पडले. लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो या पटलांवरील एटीमेगा३२यू४ ही चिप संगणकाला थेट 'मी मिडी वाद्य आहे' असे सांगू शकते आणि वेगळा ड्रायव्हर लागत नाही. लोकप्रिय उनो पटलाला हे सरळ जमत नाही. शिवाय त्याच्या ० व १ या पिना प्रणाली चढवण्यासाठीही वापरल्या जातात, तेव्हा त्या वेळी आत येणारी मिडीची तार काढून ठेवावी.

पट्टी दाबल्यावर सूर उशिरा आला, तर दोष बहुधा मिडीचा नसतो. संगणक ध्वनी तुकड्या-तुकड्यांनी बाहेर सोडतो. २५६ नमुन्यांचा तुकडा, सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या वेगाने, सुमारे सहा मिलिसेकंद घेतो आणि तेवढे कानाला खपते. विंडोजमधील अंगभूत सिंथेसायझर याहून बराच मंद असल्याने त्यावर परीक्षा घेऊ नये.

गंधाराचा वाद

खरी अडचण विजेची नाही, स्वरांची आहे. मिडीने पट्ट्यांना क्रमांक दिले ते पाश्चात्त्य पियानोच्या बारा समान अंतरांना धरून. म्हणजे पेटीवर जो आक्षेप होता तोच तिने वारशाने घेतला. सम विभागणी आणि मींडेचा अभाव यांवरून पेटीवर झालेली टीका एवढी तीव्र होती, की १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिला नभोवाणीवर बंदी केली, आणि ती १९७१ मध्ये शिथिल झाली. त्याआधीच कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी श्रुति-हार्मोनियमचा पाठपुरावा केला होता. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर बराच खल झाला. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी सिद्ध केली.

घरी बनवलेल्या मिडी पेटीला या वादात एक वाट मोकळी आहे. तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार षड्जाच्या सव्वापट कंपनांचा, म्हणजे ३८६.३ सेंटवर असतो. पेटीचा ४०० वर. फरक १३.७ सेंटचा, आणि तंबोरा वाजत असताना तो लपत नाही. मिडीतील 'पिच बेंड' हा निरोप स्वराला सामान्यतः दोन अर्धस्वर खाली-वर ओढतो आणि त्यासाठी ० ते १६,३८३ असे आकडे देतो, मध्य ८,१९२. गंधार १३.७ सेंट उतरवायला ७,६३१ हा आकडा लागतो, जो तारेवर २२४, ७९, ५९ असा जातो. षड्ज काळी एकमध्ये असेल तर गंधार पांढरी चारवर येतो. ६५ वाजवण्यापूर्वी हा निरोप सोडला की गंधार जागेवर बसतो. पट्टी बदलली तर हिशेब प्रणाली करते, पेटी उघडून कानस लावावी लागत नाही.

एकच उणीव राहते : बेंड साऱ्या वाहिनीला लागू होतो, एका स्वराला नाही. षड्ज आणि गंधार एकत्र धरले तर षड्जही उतरेल. म्हणून प्रत्येक स्वराला स्वतंत्र वाहिनी द्यावी लागते. हीच युक्ती २०१८ मध्ये 'एमपीई' या नावाने अधिकृत झाली. २०२० मध्ये जाहीर झालेल्या मिडी २.० मध्ये प्रत्येक स्वराला स्वतःचा बेंड आहे. परंतु घरच्या पटलांना व जुन्या सिंथेसायझरांना आजही पाच पिनांची तीच जुनी भाषा सर्वांत सहज उमगते, आणि गंधार उतरवायला ती पुरेशी आहे. पेटीच्या कडेला बोट सरकवण्याची संवेदनशील पट्टी चिकटवून बेंडचा पल्ला बारा अर्धस्वरांपर्यंत वाढवला, तर षड्जापासून तारषड्जापर्यंत मींडही घेता येते.