सुईच्या अग्रावर प्रकाश

प्रकाश ही लहर आहे या मताला पुरावा देण्यासाठी जी उपकरणे मांडली गेली, त्यांतूनच त्या मताला पहिला तडा जावा, हा विज्ञानाच्या इतिहासातील मोठा विलक्षण योग होय. १८८७ साली कार्लस्रूह येथे हाइनरिख हर्ट्‌झ विद्युत्‌चुंबकीय लहरींवर प्रयोग करीत होता. ग्राहकातील बारीक ठिणगी नीट दिसावी म्हणून त्याने तिच्याभोवती काळोखी पेटी बसविली, तो ठिणगी उलट आखूड झाली! मध्ये काच धरली तरी तेच. क्वार्ट्‌झ धरले की ती पुन्हा लांबे. जंबुपार किरण धातूतून काहीतरी बाहेर काढीत होते. हर्ट्‌झने ते नोंदविले आणि तो आपल्या मूळ कामाकडे वळला.

ते ‘काहीतरी’ म्हणजे इलेक्ट्रॉन. १९०२ मध्ये फिलिप लेनार्डने दाखविले की, प्रकाश प्रखर केल्यास इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते, वेग मात्र वाढत नाही. लाट मोठी झाली तरी किनाऱ्यावरचा गोटा अधिक जोराने उडू नये, तसा हा प्रकार. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने उलगडा केला: प्रकाशाची ऊर्जा कणाकणाने येते आणि एक कण एकाच इलेक्ट्रॉनाला बाहेर काढतो. मिलिकनला ही कल्पना पटत नव्हती. तरी १९१६ साली त्याच्याच मोजमापांनी आइन्स्टाइनचे समीकरण खरे ठरले. लहरीच्या जोराचा प्रश्न तेथे मिटल्यासारखा झाला.

तो पुन्हा निघाला सुईच्या टोकावर. कळसावरील वीजवाहकाप्रमाणे अणकुचीदार अग्रापाशी विद्युत्‌क्षेत्र एकवटते. क्षेत्र तीव्र असेल, तर धातूच्या कडेची अडसराची भिंत इतकी पातळ होते की, इलेक्ट्रॉन ती न ओलांडता आरपार निघतात. हे गणित १९२८ मध्ये फाउलर आणि नोर्डहाइम यांनी मांडले. अशाच अग्रापासून एर्विन म्युलरने १९३६ साली बर्लिनमध्ये सूक्ष्मदर्शक बनविला. पुढे १९५५ मध्ये अमेरिकेत, कंवर बहादुर या भारतीय विद्यार्थ्यासह, त्याने टंगस्टनच्या अग्रावर प्रत्यक्ष अणू पाहिले. त्या वेळी मात्र प्रतिमा उमटविली ती हेलियमच्या आयनांनी.

हेच काम प्रकाशाचे स्वतःचे क्षेत्र करील काय? १९६४ मध्ये मॉस्कोच्या केल्डिशने उत्तर दिले: क्षेत्र दुर्बळ असता कणांचा हिशेब चालतो, प्रबळ असता लहरच भिंत वाकविते. प्रयोगाला मात्र चाळीसहून अधिक वर्षे लागली. २०११ मध्ये म्यूनिकजवळील गार्खिंग येथे होमेलहोफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टंगस्टनच्या अग्रावर सुमारे ६ फेम्टोसेकंदांचे लेसर-स्पंद सोडले. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश. एवढ्या अवधीत त्या प्रकाशाची जेमतेम दोन आंदोलने होतात.

टंगस्टनमधून इलेक्ट्रॉन काढण्यास सुमारे ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात आणि त्या प्रकाशाच्या एका कणात असतात जेमतेम १.५. म्हणजे तीन-चार कणांनी एकत्र जोर लावावा, तेव्हा सुटका. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या आलेखात कणांची ही मोजणी एकामागून एक शिखरांच्या रूपाने दिसते. परंतु स्पंदाच्या आतील लहर अर्धे आंदोलन पुढे सरकविताच ती शिखरे मावळली. परत आणताच पुन्हा उभी राहिली. लागोपाठच्या दोन आंदोलनांत इलेक्ट्रॉन निघाले, तर त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून शिखरे उमटतात. एकाच आंदोलनात निघाले, तर उमटत नाहीत. आइन्स्टाइनचे कण खोटे ठरले नाहीत. मात्र त्यांची मोजणी दिसावी की नाही, हे त्या सुईच्या अग्रावर लहरीने ठरविले.