वऱ्हाडचा महसूल, हैदराबादची पेढी आणि दोन कायद्यांमधली फट

१/ आर्थिक गुन्ह्यातील आरोपी परदेशी पळाला की 'प्रत्यर्पण' हा शब्द कानी पडतो. परंतु कायद्याच्या सीमेचा लाभ घेण्यासाठी पळावेच लागते असे नाही. दोनशे वर्षांपूर्वी हैदराबादेतील एका पेढीने तो जागेवर बसूनच घेतला. तिची झळ आपल्या वऱ्हाडापर्यंत पोहोचली होती.

२/ वऱ्हाड तेव्हा निजामाचा मुलूख. वऱ्हाड-औरंगाबादकडील फौजेच्या पगारासाठी 'विल्यम पामर आणि कंपनी' ही पेढी निजाम सरकारला पैसा पुरवी. मोबदल्यात तिला महसुलावर हक्क मिळे. व्याजाचा दर २४ टक्क्यांच्या आसपास होता. त्याचा भार अखेर शेतसारा भरणाऱ्या रयतेवरच पडे.

३/ कायदा नव्हता काय? होता. १७९७ च्या ब्रिटिश कायद्याने देशी संस्थानिकांना कर्ज देण्यास ब्रिटिश प्रजाजनांना मनाई केली होती. मात्र गव्हर्नर जनरलच्या संमतीने सूट मिळू शके. १८१६ मध्ये लॉर्ड हेस्टिंग्जने पामर कंपनीला ती दिली. पुढे पेढीत भागीदार असलेला सर विल्यम रंबोल्ड हा त्याच्याच घरी वाढलेल्या मुलीचा पती होता.

४/ कंपनीच्या मुलखात ब्रिटिशांना १२ टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नसे. निजामाच्या राज्यात हे बंधन लागू होते काय? यावर कायदेपंडितांमध्ये वाद झाला. एकच व्यवहार सीमेच्या एका बाजूला गुन्हा, तर दुसऱ्या बाजूला नित्याची सावकारी!

५/ १८२० मध्ये चार्ल्स मेटकाफ हैदराबादचा रेसिडेंट झाला. त्याच वर्षीच्या ६० लाखांच्या कर्जाची त्याने छाननी केली. त्यातील ८ लाख निजामाच्या हाती आलेच नव्हते, असे त्याला आढळले. रेसिडेन्सीतील माणसांचे हितसंबंधही पेढीत गुंतले होते.

६/ १८२३ मध्ये कंपनी सरकारने पेढीचे देणे भागवले. बदल्यात उत्तर सरकार प्रांतापोटी निजामाला मिळणारी वार्षिक ७ लाखांची पेशकश कायमची बंद झाली. पुढच्याच वर्षी पेढी बुडाली. निजामाची कर्जे मात्र सरली नाहीत. १८५३ मध्ये फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाडच इंग्रजांच्या ताब्यात गेला.

७/ आजच्या प्रत्यर्पण करारांतही 'दुहेरी गुन्हेगारी'ची अट असते: कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असले पाहिजे. भ्रष्टाचाराविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात म्हणूनच लाचखोरीसारखी कृत्ये सर्व सदस्य देशांनी गुन्हा ठरवावीत, अशी तरतूद आहे. भारताने तो २०११ मध्ये अनुसमर्थित केला. लुटलेली संपत्ती मूळ देशाला परत करणे, हेही त्याचे एक मूलतत्त्व आहे.

८/ मेटकाफने गैरव्यवहार उघड केला, पेढीही बुडाली. पण रयतेकडून गेलेला पैसा रयतेकडे परतला नाही. म्हणून प्रत्यर्पणाची पुढची बातमी वाचताना दोन प्रश्न विचारा. माणूस परत येणार काय, आणि पैसा परत येणार काय? वऱ्हाडचा इतिहास दुसऱ्या प्रश्नाला अधिक महत्त्व देतो.