आमच्या किनाऱ्यावरील श्रम, पैसा आणि बालशिक्षण

जुबिलीच्या स्मरणग्रंथांत देवालयाच्या भिंती, घंटा आणि धर्मगुरूंची परंपरा यांचा इतिहास लिहिण्याची रीत आहे, व ती योग्यच होय. परंतु ह्या भिंती ज्या पैशांतून उभ्या राहिल्या, तो पैसा कोणाच्या श्रमांतून आला, हें आपल्या बालकांस कोणीं सांगावयाचें? रविवारीं दानपेटींत नाणें टाकणाऱ्या लहानग्यास विचारावें, "बाळ, हें कोठून आलें?" तो म्हणेल, "बाबांच्या खिशांतून." त्याचें अर्थशिक्षण ह्या उत्तरापासूनच सुरू झालें पाहिजे.

आपला किनारा व्यापाराचा जुना साक्षी आहे. चौल हें प्राचीन बंदर. इ. स. १५२१ सालीं पोर्तुगीजांनीं तेथें किल्ला बांधावयास आरंभ केला. १७४० सालीं चौल व कोर्लई मराठ्यांकडे गेलीं. सत्ताधारी निघून गेले, तरी कोर्लईच्या ख्रिस्ती रहिवाशांच्या मुखीं पोर्तुगीज-मिश्रित बोली टिकून राहिली. नाणीं मात्र राज्यांबरोबर पालटलीं. आंग्र्यांच्या अमदानींत अलिबागी रुपया चालला. पुढें इंग्रजी रुपया आला. १९५७ च्या मार्चअखेरपावेतो रुपयाचे सोळा आणे, म्हणजे चौसष्ट पैसे होत. १ एप्रिलपासून शंभर झाले. छाप बदलले, हिशेब बदलले. पण नाण्याच्या मोबदल्यांत कोणीतरी राबावें लागतें, ही गोष्ट कोणत्याही राज्यांत बदलली नाहीं. बालकास प्रथम हेंच समजावून द्यावें.

त्यासाठीं मच्छीमार होडीसारखी दुसरी शाळा नाहीं. तांडेल, खलाशी, जाळीं दुरुस्त करणारा, बर्फ पुरविणारा, पाटी घेऊन बाजारास जाणारी कोळीण, असे किती हात एका मासळीस लागतात! अनेक होड्यांवर विक्रींतून खर्च वजा करून मालकाचा व खलाशांचा वाटा काढण्याची चाल आहे. पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यास लागल्या म्हणजे वाटाही थांबतो. म्हणून चांगल्या दिवसांत कांहीं बाजूस ठेवावें लागतें. बचतीचा धडा याहून सोपा कोणता?

हिशेब न कळणाऱ्याची काय गति होते, हेंही आमच्याच तालुक्याचा इतिहास सांगतो. खोती पद्धतींत कुळानें कसावें आणि पिकाचा मोठा भाग खोताकडे जावा, असें चाले. अंगठा उठविणाऱ्यास कागदावर काय लिहिलें आहे, तें कळत नसे. शेवटीं १९३३ सालीं अलिबागजवळील चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं कुळांनीं जमिनी न कसण्याचा संप पुकारला, तो १९३९ पर्यंत चालला. १९३७ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मुंबई कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ सालीं झाला. आपण राबतों किती आणि पदरीं पडतें किती, हा साधा प्रश्न विचारावयास कुळांस पिढ्या लागल्या.

हें दुःख जोतीराव फुले यांनीं पूर्वींच ओळखलें होतें. १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें त्यांनीं निवेदन केलें कीं, प्राथमिक शाळेंत वाचन-लेखनासह हिशेब व शेतीचें मूलज्ञान शिकवावें. १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तव्यवसायांतून शिक्षणाची योजना मांडली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांतही सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ शिकावें, असें सुचविलें आहे. पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ च्या परिपत्रकांत न्याय्य वेतनाचा आग्रह धरला; तोही ह्याच विचाराचा सोबती होय.

असो. पालकांनीं मोठीं पुस्तकें आणावयास नकोत. बाजाराहून येतांना मुलास विचारावें, "ह्या नारळासाठीं कोण कोण राबलें?" वाडी शिंपणारा, झाडावर चढणारा, गाडीवान, दुकानदार, अशीं नांवें तो मोजील. मग हळूच विचारावें, "आणि घरीं त्याचें खोबरें खवून जेवण करणाऱ्या आईस मजुरी कोण देतो?" मूल येथें गप्प होईल. त्या क्षणीं त्यास कळूं लागेल कीं, कांहीं श्रमांची नोंद कोणत्याच वहींत होत नाहीं. असें मूल पुढच्या रविवारीं पेटींत नाणें टाकील, तेव्हां त्याच्या मुठींत अनेकांचे हात असतील.