मोरीखालच्या पेटीची कुळकथा

तळणीचं तेल काळं पडलं की हॉटेलवाला ते मागच्या दारी पिंपात ओततो. अमेरिकेत या पिंपांना कुलूप असतं. बायोडिझेल करणारे हे तेल विकत घेतात, त्यामुळे चोरही रात्रीतून ते उपसून नेतात. त्याच भटारखान्यात, भांडी घासायच्या सिंकखाली किंवा मागच्या अंगणात, दुसरी एक पेटी असते. तिच्यात सांडपाण्यातली चरबी अडवलेली असते. तिच्याकडे मात्र चोरसुद्धा ढुंकून बघत नाही. खरकट्यात आंबलेल्या त्या मेणचट रापाला कोण पैसे देणार? उलट तो उपसून न्यायला पैसे मोजावे लागतात. म्हणून हॉटेलवाला टाळाटाळ करतो, आणि म्हणून महापालिकेला तिथे तपासनीस धाडावा लागतो.

चरबीला असे दिवस पूर्वी नव्हते. मेणबत्त्या तिच्या, साबण तिचा. ती गटारात सोडणं हा शुद्ध उधळेपणा ठरला असता. एकोणिसाव्या शतकात दिव्यांत गॅस आणि रॉकेल आलं, मेणबत्ती पॅराफिनची झाली, साबण दुकानात मिळू लागला. नेमक्या त्याच काळात घरातल्या मोऱ्या भूमिगत गटारांना जोडल्या जात होत्या. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १८७८ साली पिवळ्या तापाने हजारो माणसं मेली, तेव्हा जॉर्ज वॉरिंग या अभियंत्याने तिथे १८८० पासून फक्त मैल्याचे, पावसाचं पाणी न घेणारे नळ घातले. गल्लीबोळांतले नळ जेमतेम सहा इंच व्यासाचे. अशा नळात आतून ओशट थर धरला तर राहतं काय?

कॅलिफोर्नियातल्या नथॅनिएल व्हाइटिंग याला १८८४ साली या पेटीचं, म्हणजे ग्रीज ट्रॅपचं, पेटंट मिळालं. युक्ती कुठल्याही गृहिणीला ठाऊक असलेली: रस्सा निवला की तवंग वर येतो. सिंकमधलं गरम पाणी पेटीत येऊन मंदावतं, निवतं. चरबी वर तरंगते, खरकटं तळाशी बसतं. बाहेरच्या नळीचं तोंड पाण्याच्या खाली बुडवलेलं, म्हणून फक्त मधलं पाणी पुढे जातं. तेव्हापासून या रचनेत मूलभूत असं काही बदललेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात चरबीला पुन्हा थोडे दिवस भाव आला. स्फोटकांना ग्लिसरीन हवं होतं, म्हणून अमेरिकन गृहिणी डब्यात साठवलेली चरबी खाटकाकडे नेऊन देत. युद्ध संपलं, भाव गेला, आणि भांड्यांवरची चरबी पाण्यात मिसळून टाकणारे डिटर्जंट घरोघर आले. १९४९ साली तिथल्या प्लंबिंग अँड ड्रेनेज इन्स्टिट्यूटने पेट्यांच्या चाचणीचं प्रमाण ठरवलं. आता पेटी शास्त्रशुद्ध झाली. पण चाचणीतली पेटी कोरी असते. हॉटेलातली काही आठवड्यांत भरते, आणि भरलेली पेटी म्हणजे नळाचाच एक रुंद तुकडा.

पुढे गेलेल्या चरबीचं काय होतं, ते नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं. चरबीतली आम्लं आणि कॅल्शियम यांचा संयोग होऊन नळाच्या भिंतीवर कॅल्शियमचा साबण धरतो. घरी चरबीचा साबण करणं सुटलं, तर तो आता गटारात फुकट होऊ लागला! लंडनच्या व्हाइटचॅपलखाली २०१७ साली सापडलेला असला गोळा सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा होता. त्यात ओले वाइप्सही अडकले होते.

तपासनीस ही या कुळातली खरी नवी पिढी. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत गटारं तुंबून मैला समुद्रात जाई आणि किनारे बंद करावे लागत. २००२ साली तिथल्या जल नियामक मंडळाने उत्तर भागातल्या शहरांना चरबी रोखण्याची सक्ती केली. २००६ पासून ही जबाबदारी राज्यभर लागू झाली, आणि तीत हॉटेलांची तपासणी करण्याचे अधिकारही आले. भारतात सार्वजनिक गटारात सोडायच्या सांडपाण्यात तेल-चरबी लिटरमागे २० मिलीग्रॅमपेक्षा जास्त नको, असा नियम आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली वापरलेलं तेल बायोडिझेलकडे वळवायची मोहीम काढली, पण ती तळणीच्या तेलाची, म्हणजे पुन्हा भाव असलेल्या मालाचीच.

तपासनिसाचं हत्यार म्हणजे तळाशी झडप असलेली लांब पारदर्शक नळी. झाकण उघडून ती सरळ तळापर्यंत सोडायची आणि उचलायची. वर पिवळट-करडी चरबी, मध्ये गढूळ पाणी, खाली काळा गाळ, असा पेटीचा उभा छेद नळीत येतो. वरचा आणि खालचा थर मिळून खोलीच्या चौथ्या हिस्स्याएवढे झाले की पेटी उपसायलाच हवी, असा अनेक शहरांचा दंडक आहे. मग उपसणाऱ्याच्या पावत्या बघायच्या. पावत्या चोख असल्या तरी बाहेरच्या नळीचा बुडवलेला तुकडा जागेवर आहे ना, हे वाकून बघावंच लागतं. तो गळून पडला तर चरबी वरच्यावर थेट गटारात जाते आणि पेटी मात्र छान स्वच्छ दिसते. फडताळात चरबी विरघळवणाऱ्या द्रवाचा कॅन सापडला तर तोही लिहून घेतात. बऱ्याच शहरांत असल्या द्रवांना बंदी आहे, कारण त्यांनी पातळ झालेली चरबी पुढच्या चौकाखाली जाऊन पुन्हा घट्ट होते.