मॅग्नेशियमची गोळी, झोप आणि तलफ

यवतमाळ जिल्ह्यातील कापूस उत्पादकाला मॅग्नेशियमची ओळख औषधाच्या दुकानात होत नाही. ती होते कृषी केंद्रात. बोंडे भरण्याच्या दिवसांत कपाशीची पाने कडेने तांबूस पडू लागली, की ‘लाल्या’ आला असे म्हटले जाते आणि मॅग्नेशियम सल्फेटची पिशवी घरी येते. पानातील हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. जमिनीतून ते पुरेसे मिळाले नाही, की झाड जुन्या पानांतील साठा काढून नव्या वाढीकडे पाठवते. म्हणून खालची पाने आधी लाल होतात. मात्र प्रत्येक लाल पानामागे हेच कारण नसते. नत्राची कमतरता, तुडतुड्यांचा प्रादुर्भाव, शेतात साचलेले पाणी, रात्रीच्या तापमानातील घट यांमुळेही पाने लाल होतात आणि तेथे नुसत्या मॅग्नेशियमच्या फवारणीने काही साधत नाही.

माणसाच्या बाबतीतही नेमका हाच घोळ होऊ लागला आहे. झोप लागत नाही, रात्री गोड खावेसे वाटते, तंबाखू सुटत नाही, पायात गोळे येतात, या साऱ्या तक्रारींवर मॅग्नेशियमची गोळी हा एकच उपाय सांगितला जातो आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविनाही मिळते.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते. त्यातील निम्म्याहून अधिक हाडांत आणि उरलेले बहुतेक स्नायू व इतर मऊ ऊतींत साठलेले असते. रक्तद्रवातील वाटा एक टक्क्याहूनही कमी भरतो. त्यामुळे रक्ततपासणीत प्रमाण ठीक दिसले तरी साठा भरलेला आहे, असे खात्रीने म्हणता येत नाही. तीनशेहून अधिक विकरांचे कार्य या खनिजावर अवलंबून आहे. मेंदूत चेतापेशींना उत्तेजित करणाऱ्या एका मार्गावर मॅग्नेशियम झाकणासारखे बसते. ते कमी पडल्यास चेतासंस्था अधिक चिडखोर होते. झोपेशी त्याचा संबंध जोडला जातो तो या कारणामुळे, आणि तर्क म्हणून तो चुकीचा नाही.

प्रयोगांनी मात्र या तर्काला बेताचाच आधार दिला आहे. इराणमधील निद्रानाश असलेल्या ४६ वृद्धांवरील एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी निम्म्यांना आठ आठवडे रोज ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम देण्यात आले. त्यांची झोप लवकर लागू लागली व तक्रारीही कमी झाल्या. अशा तीन प्रयोगांतील मिळून १५१ वृद्धांच्या माहितीचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये घेण्यात आला, तेव्हा झोप लागण्याचा कालावधी सरासरी १७ मिनिटांनी कमी झाल्याचे दिसले. झोपेच्या एकूण वेळेत पडलेला फरक मात्र निश्चित म्हणावा इतका नव्हता आणि पुराव्याचा दर्जाच कमी असल्याचे आढावा घेणाऱ्यांनी नमूद केले. तासभर तळमळणाऱ्या वृद्धाला सतरा मिनिटेही मोलाची वाटतील, हे खरे. परंतु ऐन तारुण्यात मध्यरात्रीपर्यंत मोबाइलच्या उजेडात बसणाऱ्याला हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू पडत नाहीत; कर्जाच्या काळजीने जागणाऱ्याला तर नाहीतच. ‘टेली-मानस’ ही शासकीय मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. अशा जागरणाला गोळीपेक्षा तिचा उपयोग अधिक. पायातील गोळ्यांबद्दल सांगायचे, तर वृद्धांमध्ये मॅग्नेशियमने ते टळण्याची फारशी शक्यता नाही, असा निष्कर्ष २०२० मधील कॉक्रेन आढाव्यात निघाला.

गोळी घ्यायचीच असेल, तर वेष्टनावरील मोठा आकडा पाहून फसू नये. ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम ग्लायसिनेटमध्ये प्रत्यक्ष मॅग्नेशियम सुमारे ७० मिलिग्रॅमच असते. ऑक्साइडमध्ये ते ६० टक्क्यांपर्यंत असले, तरी आतड्यात फार थोडे शोषले जाते आणि उरलेले पोट ढिले करते. जुन्या घरांतून परिचित असलेले ‘मिल्क ऑफ मॅग्नेशिया’ हे सारक औषध म्हणजे याच खनिजाचे हायड्रॉक्साइड होय.

तलफेचे प्रकरण याहून निराळे आहे. चॉकलेट खावेसे वाटणे ही शरीराची मॅग्नेशियमची मागणी असते, असे ठासून सांगितले जाते. कोकोमध्ये मॅग्नेशियम भरपूर असते, एवढाच त्याला आधार. पण मग तीळ किंवा लाल भोपळ्याच्या बियांसाठी कोणाचा जीव का कासावीस होत नाही? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मिशेनर आणि रोझिन या संशोधकांनी १९९४ साली याची परीक्षा घेतली. चॉकलेटची तलफ असणाऱ्यांना त्यांनी कधी चॉकलेट, कधी कोको नसलेले पांढरे चॉकलेट, तर कधी नुसत्या कोकोच्या कॅप्सूल दिल्या. कॅप्सूलमधून खनिज पोटात जाऊनही तलफ शमली नाही. पांढऱ्या चॉकलेटने मात्र ती काही अंशी शमली. ओढ चवीची आणि तोंडात विरघळण्याच्या अनुभवाची होती, खनिजाची नव्हे.

विदर्भातील खरी तलफ चॉकलेटची नाही, खर्ऱ्याची आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून तयार होणारा खर्रा यवतमाळच्या पानठेल्यांवर सहज मिळतो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली, तरी या सवयीला ओहोटी लागलेली नाही. खर्ऱ्याची ओढ ही निकोटिनची ओढ आहे. निकोटिन रक्तातून साधारण दोन तासांत निम्म्यावर येते आणि मेंदू पुन्हा मागणी करू लागतो. निकोटिन स्वतःच उत्तेजक असल्याने संध्याकाळी उशिरा खर्रा खाणाऱ्याची झोप त्यामुळेही बिघडते. अशा माणसाने मॅग्नेशियमची गोळी घेऊन वाट पाहण्यात महिने घालवणे धोक्याचे आहे, कारण तेवढ्या काळात तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतच राहतो. निकोटिनचा च्युइंगम, डॉक्टरांनी दिलेली औषधे आणि समुपदेशन हे सिद्ध झालेले उपाय आहेत. तंबाखूमुक्तीसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी आहे.

मॅग्नेशियमची कमतरता होतच नाही, असे मात्र नाही. दीर्घकाळ मद्यपान करणारे, नियंत्रणाबाहेरचा मधुमेह असणारे, जुनाट अतिसाराचे रुग्ण आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या घेणारे यांच्या शरीरातून ते निघून जाते. आम्लपित्तावरील ‘प्राझोल’ गटातील गोळ्या वर्षभराहून अधिक काळ घेतल्यासही रक्तातील मॅग्नेशियम घटू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये दिला होता. मनानेच या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. या मंडळींची तपासणी व्हावयास हवी आणि गरज दिसल्यास त्यांना गोळीचा खरोखर लाभ होतो.

इतरांची गरज आहारातून भागू शकते. अमेरिकेतील मानकांप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज ३१० ते ३२० आणि पुरुषाला ४०० ते ४२० मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागते. शंभर ग्रॅम ज्वारीत ते सुमारे १३० मिलिग्रॅम असते. तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम २०. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, जवसाची किंवा तिळाची चटणी आणि मूठभर शेंगदाणे हे वऱ्हाडी ताट या हिशेबात चांगलेच श्रीमंत आहे. जिल्ह्याच्या शेतांतून कापूस आणि सोयाबीनने ज्वारीला मागे सारले आणि ताटातही तिची जागा आक्रसली, ही खरी अडचण. पिण्याच्या पाण्यातूनही काही मॅग्नेशियम मिळते. आरओ यंत्र ते काढून टाकते. तथापि जिल्ह्याच्या ज्या भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, तेथे मॅग्नेशियमसाठी यंत्र बंद करणे शहाणपणाचे नव्हे.

अमेरिकेतील तज्ज्ञांनी पूरक गोळ्यांतून घ्यावयाच्या मॅग्नेशियमची कमाल मर्यादा रोज ३५० मिलिग्रॅम ठरवली आहे. थायरॉइडची गोळी आणि मॅग्नेशियम यांत चार तासांचे अंतर हवे. डॉक्सिसायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविकेही मॅग्नेशियमसोबत घेतल्यास नीट शोषली जात नाहीत. सर्वांत मोठी सावधगिरी मूत्रपिंडाची. जास्तीचे मॅग्नेशियम शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे करतात. ती कमजोर असतील तर ते रक्तात साचते, रक्तदाब घसरतो, स्नायू ढिले पडतात आणि श्वास मंदावतो. मूत्रपिंडाचा विकार पुष्कळदा लक्षणांविना वाढतो, म्हणून मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्याने क्रिएटिनिन तपासल्याशिवाय ही गोळी सुरू करू नये. गर्भारपणातील झटके रोखण्यासाठी प्रसूतिकक्षात मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन दिले जाते. तेथे पुढची प्रत्येक मात्रा देण्यापूर्वी बाईच्या गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया पाहिली जाते, श्वास मोजले जातात, लघवी पुरेशी होते का याची नोंद घेतली जाते आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवले जाते.