कोसला : वाचकांचा प्रतिसाद

भालचंद्र नेमाडे यांची पहिली कादंबरी. प्रकाशन १९६३, देशमुख आणि कंपनी, पुणे. लेखक तेव्हा पंचविशीत होते आणि निवेदक पांडुरंग सांगवीकरही पंचविशीतलाच. खानदेशातून पुण्यात शिकायला आलेला हा मुलगा वडिलांचे पैसे उडवतो, परीक्षेत आपटतो आणि गावी परततो. धाकटी बहीण मनी मरते. मजकूर निराशेचा, सूर मात्र टवाळीचा.

या सुरानेच वाचक दुभंगले. खांडेकर-फडक्यांच्या रेखीव कथानकांवर पोसलेल्यांना ही कादंबरी विस्कळीत, नकारात्मक वाटली. खेड्यातून शहरात आलेल्या वसतिगृहवासी तरुणांना मात्र खाणावळ, मेस, स्नेहसंमेलन या सगळ्यात आपलेच हसे झालेले दिसले. पांडुरंगचे ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ त्यांच्या बोलण्यात शिरले. अनुकरणाचा अतिरेकही झाला, हे खरे.

पु. ल. देशपांडे यांनी कादंबरीचे मनापासून स्वागत केले. सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’शी (१९५१) तिची तुलना वारंवार होते. ती निम्मीच पटते, कारण पांडुरंगच्या मागे वडील, शेती आणि अख्खे गाव उभे आहे.

सुधाकर मराठे यांचा इंग्रजी अनुवाद ‘ककून’ या नावाने १९९७ मध्ये आला.