जाधव आडनावाची कुळकथा

स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहून द्या, असा आपल्या मंडळाच्या चिटणीसबाईंचा आग्रह झाला. आपल्या आळीत जाधवांची घरे बरीच. तेव्हा त्या आडनावाचीच कुळकथा सांगावी, असे मी ठरविले.

'यादव' म्हणजे यदूचे वंशज. अर्थात हे नाव मुळात पूर्वजाच्या नावावरून पडलेले. प्राकृतात शब्दारंभीच्या 'य'चा 'ज' होतो. यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला, तसाच यादवाचा जाधव झाला. आपली योगेश्वरीदेखील याच वाटेने जोगाई झाली आहे! सिंदखेडचे जाधवराव, म्हणजे जिजाबाईंचे माहेर, स्वतःस देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवीत. मात्र प्रत्येक जाधव राजकुळातला असे नव्हे. हे आडनाव अनेक जातींत आढळते.

यादवांच्या काळी गावांना आणि मुलुखालाही पुरुषांची नावे पडली. सेउणचंद्र राजाने सेउणपूर वसविले आणि त्याच्या राज्यास सेउणदेश म्हणू लागले. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याचे ठाणे आपल्या अंबाजोगाईस होते. त्याच्या नावाचे खोलापूर आजही अमरावती जिल्ह्यात आहे.

मग लेकींचे काय? खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत नर्मदाकाठी कामास आला. त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ अंबाजोगाईस देऊळ बांधविले. शके 1162, म्हणजे सन 1240 च्या शिलालेखात ही हकीकत कोरलेली आहे. बापाच्या नावाने गाव वसले. पण त्या घराण्याची आठवण दगडावर राखली ती लेकीने.

आपल्याकडे बाईचे मधले नाव आधी वडिलांचे, मग नवऱ्याचे. आईचे नाव त्यात कुठेच नसे. आता महाराष्ट्रात 1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम ठरला आहे. हे चांगलेच झाले. पण मागच्या पिढ्यांचे काय? घरोघरच्या वंशावळीत आजी-पणजीचे नाव बहुधा सापडत नाही.

भगिनींनो, या वर्धापनदिनी एवढे करू या. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आजी, पणजी, खापरपणजी यांची नावे आणि त्यांची माहेरची गावे वहीत उतरवून ठेवू या. सांगणारी माणसे आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.